भट्टीपाशी : उद्याचं काम प्लास्टिकखाली ठेवा

गणपती उठले की या सदराच्या टपालाचा सूर बदलतो. श्रावण-भाद्रपदात सगळे शाडूबद्दल विचारतात. सोंड का गळाली, हाताला भेग का गेली, रंग कधी चढवायचा. विसर्जन झालं की ज्यांचं काम कुठेतरी अडलेलं असतं त्यांची पत्रं यायला लागतात. या वेळच्या गठ्ठ्यात बहुतेकांचं म्हणणं एकच आहे : मध्ये हात सुटला होता, आता परत लागायचंय. त्यातलं एक पत्र सविस्तर घेते. बाकीच्यांना त्यातच बरंचसं मिळेल, उरलेलं थोडक्यात सांगते.

ताई, नमस्कार. मी सिरॅमिकमध्ये शिल्पं करतो, म्हणजे करत होतो. वडिलांना पक्षाघात झाला आणि चार वर्षं मी त्यांच्यापाशी होतो. गेल्या माघात ते गेले. घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथे माझी विजेची भट्टी आहे. स्टोनवेअर मातीच्या काही पिशव्या पडून आहेत. काही पार दगड झाल्यात, काहींत अजून बोट रुततं. तीन अर्धवट डोकी आहेत, मान-जबडा-नाक झालेली, कपाळाच्या वर काहीच नाही. रोज संध्याकाळी शेड उघडतो, खुर्चीवर बसतो, मोबाइल बघतो आणि कुलूप लावून घरात येतो. काही सुचत नाही. हात विसरलेत असं वाटतं. मित्र म्हणतात, मार्चमध्ये एकत्र प्रदर्शन करू. जुनी माती फेकून द्यावी का? ती डोकी पुरी करावीत का? भट्टी लावायची तर भीतीच वाटते. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, पाथर्डी फाटा, नाशिक

वडिलांचं वाचलं. तुम्ही त्यावर दोन ओळीच लिहिल्यात, मीही जास्त बोलत नाही. चार वर्षं एका माणसाला उठवणं, बसवणं, कूस बदलणं करणारे हात काही विसरलेले नसतात. फक्त आता त्यांना कुणी हाक मारत नाही, एवढंच.

‘सुचत नाही’ हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवते. आधी सुचतं, मग करायचं, असा क्रम लोक धरून बसतात. कवितेचं काय असेल ते असो, मातीत तसं चालत नाही. मातीला स्वतःचं वेळापत्रक असतं. आज वळी, म्हणजे मातीची लांब गुंडाळी, लावली की तिला आवळायला वेळ लागतो, तोवर तुम्ही पुढे जाऊ शकत नाही. आवळली की तुम्हाला जावंच लागतं, नाहीतर ती हातची जाते. तुमच्या शेडमध्ये आत्ता वाळत असलेलं, तुमची वाट बघणारं असं काहीच नाही. सगळं एकतर दगड झालंय नाहीतर बंद पिशवीत आहे. म्हणून तुम्ही खुर्चीवर बसता. तेव्हा पहिलं काम हे, की शेडमध्ये उद्या बघावी लागेल अशी एक गोष्ट आज ठेवायची.

त्याआधी साफसफाई. आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. झाडू शेडच्या बाहेर ठेवा. चार वर्षांची वाळलेली माती जमिनीवर, फळ्यांवर, पत्र्याच्या खाचांत बसलीय. त्यात बारीक सिलिका असते. कोरड्या झाडूने ती हवेत उडते, डोळ्यांना दिसतही नाही, आणि फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. त्यातून होणारा फुप्फुसाचा आजार, सिलिकोसिस, बरा होत नाही. आधी पाण्याचा फवारा मारा, मग ओल्या फडक्याने पुसून घ्या, फडकं बादलीत खळबळा. नाकावर एन-९५ मास्क बांधा, रुमाल नको. शेड बंद होती म्हणजे विंचू, पाली, उंदीर यांचा संसार असणार. फळ्या उचलताना हातमोजे घाला. उंदरांची बिळं कुठे आहेत ते लक्षात ठेवा, भट्टीच्या वेळी त्यांची आठवण लागेल.

आता माती. फेकू नका, ती बिघडत नाही. उलट मुरलेली माती जास्त लवचीक होते. काळी पडली असेल, वास मारत असेल, बुरशी असेल, तरी घाबरायचं कारण नाही. दम्याचा त्रास असेल किंवा हाताला जखम असेल तेवढं जपा. ज्या पिशव्यांत बोट रुततं त्यांत वरून पेलाभर पाणी घाला, तोंड घट्ट बांधा आणि अख्खी पिशवी पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून ठेवा. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने आतलं पाणी मातीला चिकटून बसतं आणि हळूहळू मुरतं. एक-दोन दिवसांनी बघा.

दगड झालेल्या पिशव्यांचं उलटं आहे. त्यांना आधी आणखी सुकू द्या. हे नवख्यांना पटत नाही, पण पूर्ण कोरडी माती पाण्यात टाकली की ढासळून चिखल होते, आणि अर्धवट ओली माती मात्र तशीच ढेकूळ होऊन बसते. गोणपाटात गुंडाळून, वर पाणी शिंपडून, हातोडीने मुठीएवढे तुकडे करा, उन्हात टाका, मग टबात घालून वर बोटभर पाणी ठेवा. ढवळू नका. ढवळलं की वरची माती चिकट होते आणि पाणी आतल्या ढेकळांपर्यंत पोचत नाही. दुसऱ्या दिवशी वरचं निवळलेलं पाणी काढा आणि चिखल प्लास्टरच्या लादीवर पसरा. प्लास्टर जुनं झालं असेल, कडा भुसभुशीत झाल्या असतील, तर ती लादी वापरू नका. प्लास्टरचा एक कण मातीत गेला तरी भाजल्यानंतर तो ओल ओढून फुगतो आणि शिल्पाच्या गालावरून टवका उडवतो. त्यापेक्षा साध्या विटा मांडा, वर जुनी सुती साडी घाला आणि त्यावर पसरा. बुधवारच्या बाजारात गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, जुन्या साड्या-चादरी मिळतातच.

ऑक्टोबरच्या उन्हात हा चिखल दुपारपर्यंत कडेने सुकतो आणि मध्ये गिच्च राहतो. कडा आत दुमडत राहा. झालं, तुम्हाला उद्या बघावी लागेल अशी गोष्ट मिळाली. अजून काहीही सुचलेलं नाही, पण सकाळी चहा पिताना शेडमध्ये डोकावावं लागणार आहे.

मळताना टेबलाची उंची तपासा. सरळ उभं राहून हात खाली सोडले की मुठी टेबलाला टेकल्या पाहिजेत. ओट्याच्या उंचीवर मळलं तर खांदे भरून येतात आणि माणूस म्हणतो, वय झालं. वय झालेलं नसतं, टेबल उंच असतं. पहिले काही दिवस माती जरा सैलच ठेवा, पोळीच्या कणकेइतकी.

मग करायचं काय? मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना जे देते तेच तुम्हाला देते, तुम्ही कितीही अनुभवी असलात तरी. एक पोकळ आकार, गुडघ्याएवढा, वळ्यांनी उभा करायचा. चेहरा नाही, नाव नाही. भांडं वाटलं तर वाटू दे. तळ घ्या, त्यावर अंगठ्याएवढ्या जाडीच्या वळ्या चढवा, प्रत्येक सांधा खरवडून, स्लिप म्हणजे पाण्यात कालवलेली माती लावून, आतून-बाहेरून ओढून एकजीव करा. भिंत भाजल्यावर साधारण सेंटिमीटरभर राहील इतकी ठेवा. एका बैठकीत चार बोटांपेक्षा वर जाऊ नका. कितीही हात शिवशिवले तरी नाही. खालची माती अजून मऊ आहे, वरचं वजन पडलं की पोट सुटतं. शेवटच्या वळीवर ओलं फडकं ठेवा आणि सगळ्यावर प्लास्टिक. खालचा भाग थोडा उघडा राहिला तर चांगलंच, त्याला आवळू दे. वरची कड ओली राहिली पाहिजे, उद्या तिथेच सांधा घ्यायचाय.

तुम्ही मला विचाराल की यात शिल्प कुठे आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुम्ही त्या आकाराला चोपण्याने एक धपका घालाल, कारण त्याची एक बाजू तुम्हाला आवडणार नाही. तिथून पुढे मला विचारायची गरज पडणार नाही. रोज तासभर पुरे. वेळ आहे म्हणून पाच तास बसू नका. ज्या दिवशी तुम्ही एकदम फूटभर चढवाल त्या दिवशी ते बसेल, आणि तुम्ही पुन्हा खुर्चीवर.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती मला जवळपास प्रत्येक पत्रात दिसते. नवी हत्यारं मागवणं म्हणजे काम सुरू करणं नव्हे. मोबाइलवर दुसऱ्यांची चाकं फिरताना बघणं तर नाहीच नाही. तुमच्याकडे तार आहे, लाकडी पट्टी आहे, स्वयंपाकघरातलं जुनं लाटणं आहे. खूप झालं.

आता ती तीन डोकी. ती कच्ची आहेत आणि पार सुकलीत असं धरते. त्यांच्यावर ओली माती चढवू नका. ओली माती सुकताना आकसते, साधारण ५-६ टक्के. आणि खालचं डोकं आधीच आकसून बसलेलं आहे. सांधा कितीही छान खरवडा, आठवड्याने तिथे केसाएवढी चीर दिसेल आणि भट्टीत कपाळ वेगळं होईल. उपाय आहे तो कागद-मातीचा. टॉयलेट पेपर पाण्यात भिजवून, घुसळून लगदा करायचा, पाणी पिळून काढायचं आणि दाट स्लिपमध्ये घनफळाने पाव भाग मिसळायचा. कागदाचे तंतू माती धरून ठेवतात आणि कोरड्यावर कोरडं चिकटवता येतं. हा लगदा साठवू नका, चार दिवसांत नाक धरायची वेळ येते. भट्टीत कागद जळताना धूर होतो, त्या वेळी शेडचं दार सताड उघडं हवं.

पण करता येतं म्हणून करावं असं मला वाटत नाही. ती डोकी चार वर्षांपूर्वीच्या माणसाने सुरू केली होती. दोन पाण्यात टाका, त्यांची माती चांगली आहे. एक मात्र तसंच ठेवा, कपाळाशिवाय, आणि पहिल्या भट्टीत भाजा. कपाळावरची कड आहे तशी राहू दे, घासून गुळगुळीत करू नका.

हे मी उगाच म्हणत नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तिथे एका घराच्या जमिनीखाली झाकणाची एक मातीची पेटी सापडली. आत एक बाई, कच्च्या मातीची, न भाजलेली, आणि तिला डोकंच नाही. सोबत एक बैल. बाईच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीला भोक, काडी घातली की ती बैलावर बसते. तीन हजार वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही. तिचा फोटो मी पुष्कळदा बघते आणि मला दर वेळी वाटतं, हिला डोकं असतं तर मी एवढा वेळ बघितलं असतं का? जोर्वे संस्कृतीचे लोक हे. लाल-केशरी अंगावर काळी नक्षी काढलेली त्यांची भांडी इतकी पक्की भाजलेली असतात की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. आणि हे काही आपल्यापासून लांब नाही. १९५०-५१मध्ये ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी संगमनेरजवळच्या जोर्व्याबरोबरच आपल्या नाशिकलाही गोदाकाठी खोदकाम केलं होतं. तुम्ही-आम्ही भद्रकालीत भाजी घेत फिरतो, तिथून ते काही फार दूर नाही. असो. माझं हे गाडं सुरू झालं की थांबत नाही.

भट्टीची भीती वाटते ते बरं आहे. चार पावसाळे बंद असलेली विजेची भट्टी सरळ चालू करायची नसतेच. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. घरातले दिवे लावणारा नको, मोटारी आणि मोठ्या लोडचं काम करणारा हवा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे आपल्याकडे असे लोक भरपूर आहेत. अर्थिंग, कॉन्टॅक्टर, जोडण्या आणि वायरी बघायला सांगा. उंदरांची आठवण इथे लागते. वायरीवरचं रबर त्यांना का आवडतं देव जाणे.

एलिमेंट, म्हणजे तापणाऱ्या तारा, डोळ्यांनी बघा, पण बोटाने ओढू नका. एकदा तापलेली कांथलची तार थंड असताना काचेसारखी ठिसूळ होते, जरा वाकवली की तुटते. खाचांतला कचरा व्हॅक्यूमने हळूच ओढून घ्या. शेल्फवर पडलेले ग्लेझचे, म्हणजे काचेसारख्या चकाकीच्या लेपाचे, थेंब खरवडा, आणि अ‍ॅल्युमिना हायड्रेट आणि केओलिन अर्धं-अर्धं घेऊन पाण्यात कालवून नवा लेप द्या. खरवडताना चष्मा लावा, त्याच्या कपच्या काचच असतात.

मग रिकामी भट्टी. विटांनी पावसाळ्याची ओल धरलेली असते, म्हणून झाकण बोटभर उघडं ठेवून १५० अंशांपर्यंत अगदी सावकाश जा. पुढे बंद करून १००० पर्यंत. प्रत्येक शेल्फवर ०६ नंबरचा कोन, म्हणजे मातीचा छोटा सुळका, ठेवा, तो साधारण तेवढ्यालाच वाकतो. मीटर काय म्हणतो आणि कोन काय म्हणतो ते ताडून बघा. थर्मोकपल, म्हणजे मीटरला तापमान कळवणारी काडी, जुना झाला की खोटं बोलायला लागतो, कोनाला खोटं बोलता येत नाही. दिवसा लावा आणि जवळ बसा. सकाळी गिझरच्या वेळी आणि संध्याकाळी व्होल्टेज पडतं. २३० ऐवजी २०७ आले तर ते दहाच टक्के कमी वाटतात, पण भट्टीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने बदलते, म्हणजे ती १९ टक्के घटते. भट्टी ९०० वर रेंगाळली म्हणून लगेच एलिमेंट गेले असं समजू नका, आधी व्होल्टेज मोजा.

रिकामी भट्टी नीट गेली की मग ते बिनकपाळाचं डोकं आणि तुमचा पोकळ आकार. एक गैरसमज काढून टाकते : भट्टीत काम फुटतं ते हवेच्या बुडबुड्याने नाही, ओलीने फुटतं. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते, आणि मातीच्या जाड भिंतीत तेवढी जागा नसते. बाहेरून पांढरं दिसलं तरी आत ओल असू शकते. काम गालाला लावून बघा, गार लागलं तर थांबा. पोकळीला कुठेतरी भोक हवंच. पहिली रात्र ८०-९० अंशांवर काढा. पुढे ६०० पर्यंत तासाला पन्नास-साठ अंश, घाई नाही. ५७३ ला क्वार्ट्झचं रूप बदलतं आणि माती एकदम प्रसरण पावते. थंड होताना तिथेच उलटं होतं, म्हणून उतरतानाही तीच सावकाशी. ६०० नंतर तासाला शंभर चालेल. आणि १०० च्या खाली आल्याशिवाय झाकण उचलून डोकावायचं नाही, कितीही मोह झाला तरी.

प्रदर्शनाचं काय ते मित्रांना आज सांगू नका. पहिली भट्टी उघडली की सांगतो म्हणा. हिशेब मात्र मनात ठेवा. मार्चला मांडायचं तर ग्लेझची भट्टी फेब्रुवारीच्या मध्याला, बिस्क, म्हणजे ग्लेझच्या आधीची पहिली भाजणी, जानेवारीअखेर, म्हणजे ओलं काम नाताळाच्या आसपास संपायला हवं. नाशिकची थंडी कोरडी असते, पण जाड काम सुकायला तरी दोन-तीन आठवडे घेतं. दुपारी उन्हाची तिरीप येते त्या बाजूला काम ठेवू नका, एक कान सुकतो आणि दुसरा ओला राहतो. या हिशेबात दोन कामं बसली तरी मांडा. मित्रांची भिंत मित्र भरतील.

आणि सुचण्याचं. तुमच्या जुन्या वह्या असतील, त्या निदान त्या पोकळ आकाराला झाकण लागेपर्यंत उघडू नका. त्यांत तुम्ही फार हुशार दिसाल आणि आजच्या हाताला त्याचा त्रास होईल. पत्रात तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेलात, मी इथे छापलेलं नाही, की वडिलांना उशीला टेकवून बसवताना त्यांच्या मानेचं वजन तुमच्या तळहाताला अजून आठवतं. त्याचं आत्ताच काही करा असं मी म्हणत नाही. पण सुचत नाही असंही मग म्हणू नका.

माझं वय ६३. अंगठ्याच्या मुळाशी सांधा दुखतो म्हणून दोन वर्षं माती बंद आहे. डॉक्टर म्हणतात हलकं काम करा. मातीत हलकं काम असतं का?
– एक वाचक, देवळाली कॅम्प

असतं. दुखतो तो सांधा मळताना आणि चिमटीत दाबताना. तेवढं टाळलं तर बाकी पुष्कळ उरतं. माती यंत्रातून मळून आलेली घ्या, मऊ सांगून घ्या. तरीही मळायची असेल तर तारेने मध्ये कापा, वरचा अर्धा उचलून खालच्यावर आपटा, पुन्हा कापा. अंगठा लागतच नाही, गुरुत्वाकर्षण काम करतं. फक्त गोळा छोटा घ्या, उचलायला दोन्ही तळहात वापरा. चिमटीने करायच्या कामाऐवजी लाद्या लाटा. लाटण्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवल्या की जोर काढावा लागत नाही. लाद्या साच्यात बसवा, चोपण्याने आकार द्या. हत्यारांच्या मुठींना कापड गुंडाळून त्या जाड करा, बारीक मूठ धरताना सांध्यावर जास्त ताण येतो. थंडीत कोमट पाणी घ्या. दुखायच्या आधी थांबायचं, दुखल्यावर नाही. आणि अंगठ्याला आधार देणारा पट्टा मिळतो, त्याबद्दल डॉक्टरांनाच विचारा, मी सांगितलेला घेऊ नका.

तीन वर्षं पडलेल्या ग्लेझच्या बादल्या तळाशी सिमेंट झाल्यात. वाचतील का?
– मुंबई नाका

बहुतेक वाचतात. वरचं पाणी ओतून देऊ नका, त्यात विरघळलेलं काही असतं, ते दुसऱ्या भांड्यात काढा. तळ खरवडून, तेच पाणी थोडं-थोडं घालून कालवा आणि आधी ८० आणि मग १०० मेशच्या चाळणीतून काढा. पुन्हा बसू नये म्हणून चिमूटभर एप्सम सॉल्ट गरम पाण्यात विरघळवून घाला. टेस्ट टाइल भाजल्याशिवाय कामावर लावायचं नाही. ज्या बादलीवर चिठ्ठी नाही ती खाण्याच्या भांड्यांना कधीच नाही.

ताई, मी तुमच्या शिबिराला आले होते. बाळ आता दहा महिन्यांचं आहे. गोविंदनगरला फ्लॅटच्या गॅलरीत माझी छोटी भट्टी आहे. परत सुरू करू का? सासूबाईंना मातीची धूळ बाळाच्या अंगावर जाईल अशी काळजी वाटते.

सासूबाईंचं बरोबर आहे, त्यांना माझा नमस्कार सांग. ओली माती सुरू कर, आजपासून कर. ओल्या मातीने बाळाला काही होत नाही, फार तर ते ती तोंडात घालेल आणि तू काढशील. त्रास वाळलेल्या मातीचा. म्हणून घरात काही घासायचं नाही, सँडपेपर नाही, कोरडं झाडणं नाही. काम झालं की टेबल ओल्या स्पंजने पुसून घे. अंगावर वेगळा एप्रन घाल, तो बाळाला घेण्याआधी काढ आणि घरच्या कपड्यांत न घालता वेगळा धू. मातीचं पाणी बेसिनमध्ये ओतू नकोस, बादलीत निवळू दे, नाहीतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुझं नाव निघेल.

ग्लेझच्या पुड्या मात्र आत्ता घरात नकोत. मँगनीज, बेरियम, तांब्याची संयुगं, यांतलं काहीही नाही. शिशाचं तर कधीच नाही. मँगनीजचा धूर भाजतानाही निघतो. आणि नुसती बिस्क भाजली तरी मातीतले सेंद्रिय पदार्थ जळतात, त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. गॅलरीचं दार उघडं आणि आत पाळणा, असं चालणार नाही. भट्टी लावायची तर तेवढा दिवस बाळ आजीबरोबर दुसऱ्या घरी, आणि दार बंद. ते जमत नसेल तर कच्चं काम साठव, नीट सुकवलेलं कच्चं काम कितीही दिवस राहतं. खोक्यात कागद घालून माझ्याकडे मखमलाबादला आणून दे, माझ्या बिस्कच्या भट्टीत वरच्या शेल्फवर जागा असते. येताना मधला तो खड्ड्यांचा रस्ता टाळ, कच्चं काम डिकीत ठेवू नकोस, मांडीवर घेऊन बस, आणि गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवू दे.